दिदीच्या घरच्या कुरडया

आमच्या वरवंडच्या आळीत उन्हाळ्याच्या वाळवणाचे दिवस वाटून घेतलेले असत. आज कमळाकाकूंकडं, उद्या आमच्याकडं, परवा पलीकडच्या घरी, असं आळी संपेपर्यंत चालायचं. ज्या घरचा दिवस, त्या घरचा गहू, त्या घरचं जळण आणि चहाही त्याच घरचा. हात मात्र सगळ्या आळीचे. पहाटे उजाडायच्या आत चुलीवर मोठं पातेलं चढायचं, आंबवलेल्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास घराघरांत शिरायचा आणि त्या वासानंच आम्हां पोरांना जाग यायची. चीक घोटायला दोघी लागत. एकीनं पातेलं फडक्यानं धरायचं, दुसरीनं लाकडी दांडा फिरवायचा. दांडा जड झाला की आई म्हणायची, "आता झाला बरं का," आणि आम्ही वाट्या घेऊन रांगेत बसायचो. गरम चीक, त्यावर तेल आणि मीठ. मी पुढं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, पण त्या वाटीची सर कशाला आली नाही, आणि हे मी म्हातारपणामुळं म्हणत नाही.

सगळ्या घरांचे दिवस झाले की शेवटी एक दिवस उरायचा, तो दिदीच्या घरचा. हे घर आमच्या आळीत नव्हतं, तालुक्यातही नव्हतं. ते नेपाळात होतं, डोंगरात कुठंतरी, आणि आमच्यापैकी एकानंही ते पाहिलेलं नव्हतं. जवळच्या साखर कारखान्यावर बहादूर नावाचा नेपाळी वॉचमन होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, ऊस घेऊन कारखान्यावर जायचे, तिथं त्यांची आणि बहादूरची गट्टी जमली. रविवारी तो आमच्याकडं जेवायला यायचा आणि आईला वहिनी म्हणायचा. त्याची थोरली बहीण ती दिदी. तिनं आपल्या दोन खोल्यांच्या घरात कुणाला नको असलेली पोरं गोळा केली होती. कुणाला आईबाप नव्हते, कुणाचे पाय पोलिओनं गेलेले, एकाला दिसत नव्हतं. एकदा बहादूर सुट्टीवर निघाला तेव्हा आईनं विचारलं, बहिणीला काय नेणार? तो हसून म्हणाला, "क्या क्या ले जाऊँ वहिनी, वहाँ तो कुछ भी नहीं है." आईला हिंदी यथातथाच यायचं, पण एवढं तिला कळलं. ती कुरडया घालता घालता बायकांना म्हणाली, "उद्या आनखी एक दिस बसू गं. बहादूरच्या भनीचं घर आपल्याच आळीत धरा."

दिदीच्या घरासाठी चालणाऱ्या आमच्या संस्थेची स्थापना ती एवढीच. आता तिला नाव आहे, शिक्का आहे, फोनवर ग्रुप आहे, त्यात शिरूरच्या बायका आहेत, शिक्रापूरला कंपनीत काम करणाऱ्या मुली आहेत, सकाळी सकाळी सूर्यफुलांची चित्रं पाठवणारे दोन गृहस्थही आहेत. मध्यंतरी एका मुलीनं मला संस्थेच्या स्थापनेचा इतिहास लिहून मागितला. मी म्हटलं, अगं, आमच्याकडं इतिहास नाही, कुरडया आहेत. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

पहिल्या वर्षी बहादूर कुरडयांचे डबे घेऊन दौंडवरून उत्तरेच्या गाडीत बसला आणि महिन्यानं परत आला. पोरांनी फार आवडीनं खाल्ल्या, सूपमध्ये टाकून खाल्ल्या, असं त्यानं सांगितलं. आई म्हणाली, "सुपात? तळून?" तो म्हणाला, "नहीं नहीं, उबाल के." त्यांच्याकडं शेवयांसारखं काहीतरी उकळून खातात, तसंच हे असणार असं दिदीला वाटलं होतं. कमळाकाकू पदर तोंडात कोंबून हसल्या, हसता हसता भिंतीला टेकून खाली बसल्या. आईला मात्र राग आला. तिच्या कुरडया तळल्यावर ताटाएवढ्या फुलायच्या, त्यांचं असं पाण्यात वाटोळं झालेलं तिला सोसेना. दोन दिवस ती बहादूरशी धड बोलली नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात तिनं सोऱ्याला जाड भोकांची चकती बसवली आणि दिदीच्या घरच्या कुरडया मुद्दाम जाड घातल्या, उकळल्या तरी विरघळू नयेत म्हणून. आजही आम्ही त्या तशाच घालतो.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी बहादूर सुट्टीवरून आला तो पाठीवर शालीत बांधलेली एक पोरगी घेऊन. ती सानू. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, गोरी, गालांवर थंडीच्या चिरा पडलेली. तिला आईबाप कुणी नव्हतं, लहानपणापासून ती दिदीकडंच वाढली होती. पोलिओनं तिचे दोन्ही पाय गुडघ्यांत मुडपलेले होते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा पायांचं ऑपरेशन करतात हे आप्पांनी चौकशी करून शोधून काढलं होतं आणि बहादूरला सांगितलं होतं, घेऊन ये. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि कमरेपासून खालपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे, चामड्याच्या बंदांचे बूट आणि दोन कुबड्या घेऊन सानू आमच्याकडं राहायला आली. दिवाळीनंतर बहादूर तिला परत नेणार होता. डॉक्टरांनी आप्पांना बजावलं होतं, "रोज चालवा. रडली तरी चालवा. पाय पुन्हा आखडले तर मग माझ्या हातात काही नाही."

चालणं कशासाठी हवं होतं, ते बहादूरनं आम्हांला पहिल्याच रविवारी सांगितलं. दिदीचं घर उंचावर, शाळा खाली, मध्ये दगडी पायऱ्या. आजवर दिदी सानूला पाठीवर घेऊन खाली सोडायची, पण सानू वाढली आणि दिदीची कंबर गेली. आता पायऱ्या स्वतः उतरता आल्या तर शाळा, नाहीतर घरात बसायचं. सानूला शाळा फार प्रिय होती. माझी पुस्तकं ती उलटसुलट करून वाचायची, नेपाळीची आणि आमची अक्षरं बरीचशी सारखीच असल्यामुळं तिला वाचताही यायचं. अर्थ कळला नाही तरी एका दमात पान संपवायची.

पहिल्या दिवशी आईनं तिला बूट घातले. अंगणात दोन-चार पावलं टाकली असतील, तर चामडं नडगीला लागलं, कातडं सोललं गेलं. सानू रडली नाही, ओठ चावून उभी राहिली. पण आईनंच कुबड्या बाजूला टाकल्या आणि तिला उचलून कडेवर घेतलं. "पाव्हण्याचं लेकरू हाय ते. रडवायला आनलंय व्हय आपून?" ती आप्पांना म्हणाली. बूट खुंटीवर गेले, आप्पांच्या टोपीशेजारी.

आमच्याकडं पाहुण्याला काम सांगत नाहीत. पाहुणा पाण्याच्या तांब्यासाठी उठला तरी घरच्या बाईला कसंनुसं होतं. आणि सानू ही काही एका घरची पाहुणी नव्हती, ती दिदीच्या घरची, म्हणजे सगळ्या आळीची. तेव्हा वाळवणाचे लावायचे तसे बायकांनी तिचेही दिवस लावले. आज हिच्याकडं जेवण, उद्या तिच्याकडं. सकाळी कुणीतरी येऊन तिला कडेवर घेऊन जायचं, संध्याकाळी कुणीतरी आणून सोडायचं. धपाटी, शेंगोळी, तूपभात, गुळाची पोळी. कमळाकाकू तिला भरवायच्यासुद्धा, हात धडधाकट असताना. पोरीच्या गालावरच्या चिरा भरून आल्या, अंग धरलं, दोन महिन्यांत ती आमच्याहून ठसकेदार मराठी बोलायला लागली. जमिनीला तिचे पाय म्हणून लागत नव्हते.

बहादूर रविवारी यायचा आणि दारातच विचारायचा, "वहिनी, चलती है क्या?"

"चालंल की. कुठं पळून चाललंय चालनं?" आई म्हणायची. त्याच्यापुढं ताट यायचं. ज्या घरात आपण जेवतो त्या घरच्या बाईला आणखी काय बोलणार, तो मान खाली घालून जेवायचा.

आप्पा एकदा म्हणाले, "डाक्टर काय म्हनला, इसरलीस का?"

"तुमी डाक्टरला सांगा, पोरगी बाळसं धरतीया म्हनून." मग जरा थांबून, भाकरी थापता थापता, "आन् न्हाईच जमलं चालाया, तर ऱ्हाऊ दे की हितंच. मंदीला भन हुईल."

मंदी म्हणजे मी. मला दोन थोरले भाऊ होते, बहीण नव्हती. हे ऐकून मला एवढा आनंद झाला की मी परड्यात जाऊन एकटीच नाचले. आईला सानू चालायला नको होती असं मी म्हणणार नाही. ती तशी बाई नव्हती. पण ती चालली नाही तर राहील, हे कुठंतरी तिच्या मनात शिरलं होतं, आणि एकदा शिरलेलं तिनं बाहेर काढलं नाही. माया करता करता माणूस कुठल्या वळणाला जातं हे त्याचं त्यालाही कळत नाही. मी स्वतः आई झाल्यावर, आजी झाल्यावर, हे मला चांगलंच उमगलंय.

नवरात्रात घट बसले. देवघरासमोर पत्रावळीवर काळी माती, तिच्यात सात धान्यं, वर मातीचा घट. पाचव्या-सहाव्या माळेला पिवळसर कोंब वर आले तशी सानू सरपटत देवघरापाशी गेली आणि ओरडली, "जमरा! मामी, हे आमचं हाय!" दिदीचा भाऊ म्हणून बहादूर तिचा मामा, आणि म्हणून आई मामी. तिच्याकडंही याच दिवसांत त्यांचा दसईं असतो, अंधाऱ्या खोलीत असेच कोंब उगवतात, शेवटच्या दिवशी वडीलधारी माणसं दही, तांदूळ आणि कुंकू कालवून कपाळावर टीका लावतात आणि हे कोंब कानामागं खोचतात, असं तिनं सांगितलं. आमच्याकडंही दसऱ्याला घटाचं धान पुरुषांच्या टोपीत खोचतात. आई हरखून गेली. "बघा! हितलीच हाय पोरगी," असं ती दिवसभर येईल त्याला सांगत होती.

खंडेनवमीला आप्पांनी अवजारं धुतली. कोयता, खुरपी, कुऱ्हाड, इंजिनाचा पाना, आईची विळी, भावाची करवत, माझी पाटी, सगळं ओळीनं मांडून झालं. सानू म्हणाली, "माझे बूट?"

आई म्हणाली, "अगं बया, पायातलं कुनी पूजंला ठिवतं व्हय?"

आप्पा उठले, खुंटीवरचे बूट काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि कोयत्याशेजारी नीट उभे केले. "पायातलं न्हाई ते. तिचं अवजार हाय," म्हणाले आणि हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं. सानू त्या ओळीकडं बराच वेळ बघत बसली. कोयत्याची मूठ आप्पांच्या हातानं काळी, गुळगुळीत झालेली. विळीचं पातं झिजून निम्मं उरलेलं. माझ्या पाटीचा कोपरा फुटलेला. त्यात तिचे बूट दुकानातून आणल्यासारखे करकरीत. "आप्पा," ती म्हणाली, "समद्यांचं कामाचं दिसतंय. माझंच नवं हाय."

आई ताट उचलून आत गेली.

नवमीला अवजारं विसावा घेतात, दसऱ्याला ज्याचं त्यानं उचलायचं. सकाळी आप्पा कोयता घेऊन रानात जाऊन बाजरीची चार ताटं कापून आले. आईनं विळीवर भोपळा चिरला, मी पाटीवर सरस्वती काढली. सानू सरपटत पूजेपाशी गेली, फूल बाजूला ठेवलं आणि बूट ओढून बंद बांधायला लागली. आई म्हणाली, "सनाचं नको गं आज, उद्या बघू." सानू मान वर न करता म्हणाली, "समद्यांनी आपापलं घेतलं. म्या बी घेती." दिवसभर ती भिंतीला धरून ओसरीवर येरझाऱ्या घालत होती. लोखंडाचा खडाक खडाक आवाज घरभर ऐकू येत होता आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

संध्याकाळी पुरुष सीमोल्लंघन करून आले, आपट्याची पानं वाटायला सुरुवात झाली. आईनं सवयीनं खाली वाकून हात पुढं केले, सानूला कडेवर घेऊन आळीत सोनं द्यायला न्यायचं म्हणून. सानू मागं सरली. "मामी, टीका घ्याया थोरल्याच्या घरी जायचं असतं. कडंवर बसून न्हाई जात. पायानं जात्यात." एवढं बोलून तिनं पानं परकराच्या ओच्यात खोचली आणि कुबड्या टेकत उंबऱ्याबाहेर पडली. मी तिच्या मागं. पहिलं घर कमळाकाकूंचं. त्या धावत आल्या, हात पसरून, उचलायलाच. सानूनं पसरलेल्या हातात सोनं ठेवलं. काकू तशाच उभ्या राहिल्या, पसरलेले हात घेऊन. पुढच्या घरीही तेच. ज्या ज्या बाईनं तिला कडेवर मिरवलं होतं ती प्रत्येक जण दारात हात पुढं करून उभी होती आणि प्रत्येकीच्या हातात पान पडत होतं.

हौदाजवळच्या चढाला ती पडली. एक कुबडी गटाराकडं घरंगळत गेली. सगळी आळी धावली. तेवढ्यात आप्पा ओरडले, "कुनी हात लावायचा न्हाई!" आप्पांचा आवाज आम्ही बैलावरसुद्धा कधी चढलेला ऐकला नव्हता. सगळे जागच्या जागी थांबले. मला रडू फुटलं. सानू हौदाची कड धरून, पट्ट्यांचा गुडघ्याजवळचा खटका बसवत, एकदा घसरून पुन्हा उभी राहिली. कुबडी मी उचलून दिली, तेवढं आप्पांनी चालू दिलं.

शेवटचं घर आमचंच. आई दारात ताट घेऊन उभी. ताटात निरांजन होतं आणि शेजारी वाटीत दही, तांदूळ आणि कुंकू कालवलेलं. ते तिनं कधी कालवलं होतं, मला माहीत नाही. सानूनं तिच्या हातावर सोनं ठेवलं. वाकायला गेली तर वाकता येईना, पट्ट्या आडव्या येत होत्या, मग आईच खाली बसली, तिच्या उंचीला आली. कपाळावर तो टीका लावला, घटाचे कोंब कानामागं खोचले, आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत आई आळीदेखत हुंदके देऊन रडली. "जातीस गं बाई तू," ती म्हणाली. "जातीस तू आता."

त्या दिवसापासून आईचं सगळं बदललं. पोटऱ्यांना बांधायला तिनं जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या फाडल्या. रोज सकाळी ती सानूला घेऊन रानातल्या विहिरीपर्यंत जायची, विहिरीच्या पायऱ्या चढउतार करायला लावायची, आणि स्वतः दोन पायऱ्या खाली पाठ करून उभी राहायची, हात पदरात गुंडाळून. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई पहिल्यांदा "जेवलास का?" विचारते. सानूला मात्र ती ताट वाढण्याआधी विचारायला लागली, "चाललीस का आज?" चाललीस तर जेवायला बस. दिवाळीपर्यंत बुटांचं चामडं काळं पडलं, टाचा एका बाजूनं झिजल्या. दौंड स्टेशनात गाडीच्या उंच पायरीशी बहादूरनं वरून हात दिला, तो तिनं धरला नाही. दांड्याला धरून, एकेक पाय वर घेऊन ती चढली. गाडी हलल्यावर आई खिडकीबरोबर चालत राहिली, फलाट संपेपर्यंत, आणि जेवून घे, डबा उघड, असलं काही म्हणाली नाही. "चालत ऱ्हा," एवढंच म्हणाली.

सानू शाळा शिकली. दिदी गेल्यावर ते घर तिनंच सांभाळलं. आता तिथली पोरं तिला दिदी म्हणतात. आमच्या शेवटच्या दिवसाच्या कुरडया अजून तिच्याकडं जातात, आणि ती अजून त्या उकळते. मी लग्न होऊन शिरूरला आले, बहादूर गेला, आप्पा गेले. फोनवर बोलताना आईचा सानूला पहिला प्रश्न इतकी वर्षं तोच राहिला.

यंदा पावसाळ्याच्या आधी आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर दोन्ही सुनांनी तिला जागचं हलू दिलं नाही. गुणी आहेत दोघी. ताट हातात, तांब्या हातात, उठायचं तर नातू दोन्हीकडून उचलून धरणार. आळीतून रोज कुणी ना कुणी डबा घेऊन येतं. डॉक्टर चालवा म्हणाले होते. आई म्हणते, दुखतंय, उद्या. आणलेला वॉकर खिडकीशी होता, त्याच्यावर टॉवेल आणि परकर वाळत होते. मी भेटायला गेले तेव्हा ते पाहिलं. सानूला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला.

पडद्यावर सानूचा पिकल्या केसांचा चेहरा, मागं पोरांचा गलका. आई खुलली, बोलायला तोंड उघडलं. पण सानूनं आधी विचारलं. "मामी, आज चालल्या का?"

आई म्हणाली, "दुखतंय गं. उद्या चालंन."

सानूनं फोन ठेवला नाही. तशीच बघत राहिली. आईनं भिंतीकडं तोंड केलं. सुनांनी एकमेकींकडं पाहिलं. मागं कुणीतरी पोरगं नेपाळीत गाणं म्हणत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग आईनं हळूहळू मान वळवली आणि धाकट्या सुनेला म्हणाली, "त्याच्यावरची कापडं काढ. आन् कुनी हात लावायचा न्हाई."